पिठाला मर्यादा, क्रीमला का नाही?



आज थोडं कडू लिहिणार आहे. कुणाला लागलं तर क्षमावाणीची वाट बघू नका, सरळ फोन करा. मी घरीच असते.

मागच्या भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं आणि आमच्या मंडळात एका बाईंनी डब्या मांडल्या. आपल्यातल्याच, रोज बस्तीत भेटणाऱ्या. "शंभर टक्के शाकाहारी, नैसर्गिक, एकही केमिकल नाही, साठीच्या त्वचेसाठी खास." ५० ग्रॅमची डबी, १२०० रुपये. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. घेतली. चौथ्या दिवशी गाल लाल, डोळ्यांखाली सूज, रात्रभर आग. फोन केला तर म्हणाल्या, "काकी, घाबरू नका, आत साठलेली घाण बाहेर पडतेय. लावत राहा." आणि मी आणखी तीन दिवस लावली! बी.कॉम. झालेली, चाळीस वर्षं घरातल्या पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई मी.

त्वचेच्या डॉक्टरांनी डबी उघडून नुसता वास घेतला. लिंबाचा आणि लॅव्हेंडरचा घमघमाट. "यात काय काय आहे?" त्यांनी विचारलं. मी डबी उलटीपालटी करून पाहिली. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट सलते आहे. मुलांनी आणलेल्या बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर आपण चष्मा लावून वाचतो. कांदा-लसूण नाही ना, जिलेटिन नाही ना. लग्नाच्या जेवणात आचाऱ्याला चार प्रश्न विचारतो. आणि चेहऱ्याला फासायची वस्तू मात्र "शाकाहारी आहे हो" एवढ्या एका वाक्यावर घेतो. हा विश्वास नाही, आळस आहे. माझाही होता.

मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. ही वस्तू अहिंसक आहे का, हा एक. ही माझ्या त्वचेला सोसेल का, हा दुसरा. विकणारे पहिल्याचं उत्तर देतात आणि आपण ते दुसऱ्याचं समजून पैसे मोजतो. अहो, बिब्बा शाकाहारीच आहे. खाजकुयलीसुद्धा शाकाहारी आहे, शिवाय पूर्ण नैसर्गिक! लिंबू फोडीने थेट गालाला चोळून उन्हात कपडे वाळत घालायला जा, भाजल्यासारखे डाग पडतात. निसर्गाने काही सगळं आपल्या गालांसाठी निर्माण केलेलं नाही.

साठीत त्वचा पहिली राहत नाही. पाळी गेल्यावर तेलग्रंथी मंदावतात, कातडी पातळ आणि कोरडी होते, वरचा थर एकदा दुखावला की भरून यायला वेळ घेतो. चाळिशीत बेसन-हळद खसाखसा घासलेली चालली, आता ओरखडे उठतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचाच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. लिंबाचा रस दोनावर. खाण्याचा सोडा आठाच्या वर. दोन्ही टोकांची ही ओढाताण आपण रोज करायची आणि वर म्हणायचं, माझी त्वचा फार नाजूक झालीय.

आता "अहिंसक"चं बघू, कारण तिथेही फसवणूक आहे. अष्टमूलगुणांत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपण लहानपणापासून पाठ केला. तरी "घरगुती नैसर्गिक" लेपात मध असतो आणि ओठांच्या मलमात मधमाश्यांचं मेण. (आमच्या आजेसासूबाई मेणावर कुंकू लावायच्या, तेव्हा हा विचार कुणी केला नव्हता. त्यांना दोष देत नाही. पण आपल्याला वाचता येतं.) साबणावर सोडियम टॅलोएट लिहिलेलं असेल तर ती प्राण्याची चरबी. लिपस्टिकवर कार्माइन किंवा सीआय ७५४७० असेल तर तो किड्यांपासून काढलेला लाल रंग. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघतं. कोलॅजन बहुधा माशांचं नाहीतर गुराढोरांचं. ग्लिसरीन दोन्ही प्रकारचं असतं, म्हणून "व्हेजिटेबल ग्लिसरीन" लिहिलेलं शोधावं. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, ही एक समाधानाची गोष्ट.

आणि साधी पेट्रोलियम जेली? तिला आपण नाक मुरडतो, "केमिकल आहे" म्हणून. खनिज तेलातून काढून शुद्ध केलेली, वास नाही, मध नाही, चरबी नाही, कंदमूळ नाही. कोरड्या, चिरलेल्या त्वचेला ती क्वचितच त्रास देते. अनवाणी विहाराला जाऊन टाचांना भेगा पडतात, तिथे रात्री लावून मोजे घाला आणि बघा. एका सखीने मला विचारलं, खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवच ना? या हिशेबाने तिला बस्तीत स्कूटरवरून यायला नको!

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" हे या डब्यांवर मोठ्या अभिमानाने लिहितात. आपण पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवस मानतो. पाणी गाळून घेतो, दिवस मावळायच्या आत अंथऊ उरकतो. का, तर ओलाव्यात, वेळ गेला की, जीव उत्पन्न होतात. मग ज्यात अर्ध्याहून जास्त पाणी आहे, कोरफडीचा गर आहे, ती जेल प्रिझर्व्हेटिव्हशिवाय सहा महिने कपाटात राहते, तिच्यात काय उत्पन्न होत असेल? तीच रोज बोटाने काढून आपण डोळ्यांजवळ लावायची. ती अहिंसा कुठल्या हिशेबाने? घरी कोरफड कापून त्या दिवसापुरती वापरणारीला मी काही म्हणत नाही, तिने मर्यादा पाळली. सहा महिन्यांची डबी विकणारीने मला तारीख दाखवावी.

तारखेचंच नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन विकायला बनवायचं तर परवाना लागतो. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी लागते. जे जास्त असतं ते यादीत आधी येतं. म्हणून नावात चंदन असलं आणि यादीत चंदन तळाला असलं, तर तुम्ही चंदनाच्या नावाचे पैसे दिलेत. माझ्या डबीचा भाव ग्रॅमला २४ रुपये पडला. साजूक तूप ग्रॅमला एक रुपयाच्या आत येतं.

तीन गोष्टी ओझरत्या सांगते, पण विसरू नका. "हर्बल काळी मेंदी" म्हणून जी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचा डायचा रंग असतो. मेंदी स्वतःहून काळी होत नसते. कपाळ आणि कानशिलं काळवंडली, खाज सुटली, तर आधी तिच्याकडे बघा. टिकलीखाली पांढरा डाग दिसला तर तो टिकलीच्या गोंदानेही येऊ शकतो. टिकली थांबवा, डॉक्टरांना दाखवा. आणि जाऊबाईने दिलेली गोरेपणाची ट्यूब, जिने आठ दिवसांत चेहरा उजळतो, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं. ते त्वचा आणखी पातळ करतं, सोडलं की चेहरा भडकतो. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच सोडा.

"या वयात कसले हे देहाचे लाड?" असं म्हणणाऱ्याही आहेत. माझ्या नणंदबाईच म्हणतात. त्यांना मी विचारलं, ४८ मिनिटांच्या सामायिकेत पाठीला सतत खाज सुटते तेव्हा तुमचं चित्त कुठे असतं? त्या हसल्या. आता त्याही आंघोळीनंतर अंग थोडं ओलं असतानाच खोबरेल लावतात.

माझ्या न्हाणीघरात आता चारच वस्तू आहेत. सुगंध नसलेला सौम्य क्लींझर, तोही दिवसातून एकदा. साधं मॉइश्चरायझर, पेट्रोलियम जेली आणि सकाळी बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. पाणी कोमट. नवीन काही घेतलं तर आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघते. आणि "अनसेंटेड" लिहिलंय म्हणून भुलत नाही, त्यात कधी कधी वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. "फ्रॅग्रन्स फ्री" हवं.

त्या बाईंना मी डबी परत दिली. पैसे मागितले नाहीत, घटकांची यादी मागितली. अजून आलेली नाही. मंडळात डब्या मात्र अजून येतात.