मेमरीची ‘गळती’ थांबवणारी दुरुस्तीच चुकली तर? तुमच्या मोबाईलशी याचा काय संबंध?

शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीमध्ये एलजीचा कारखाना आहे. एलजीचे स्मार्ट टीव्ही आणि दौंड स्टेशनवर चहाचे पैसे देताना खिशातून निघणारा अँड्रॉइड मोबाईल, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते : लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरातले प्रोग्रामर तो मिळून लिहितात आणि एकमेकांच्या दुरुस्त्या तपासतात.

मेमरी गळती म्हणजे काय?

समजा, एका लॉजमधून गिऱ्हाईक निघून गेलं, पण रजिस्टरमध्ये खोली भरलेलीच राहिली. असं होत राहिलं तर रिकामा लॉजही ‘फुल्ल’ दिसेल. मेमरीचंही तसंच होतं. मोबाईल मंदावतो, अडकतो. बंद करून चालू केला की तात्पुरता सुधारतो.

मग दुरुस्तीत धोका कसला?

आता उलट चूक बघा. गिऱ्हाईक आत असतानाच खोली रिकामी दाखवली आणि दुसऱ्याला किल्ली दिली. कर्नलमध्ये असं झालं तर एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती लागू शकते, हल्लेखोराला वाट मिळू शकते. म्हणजे गळतीपेक्षा घाईची दुरुस्ती महागात पडते.

मिनेसोटा प्रकरण काय होतं?

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी खोट्या नावांनी काही दुरुस्त्या पाठवल्या. वरून छोटा दोष काढणाऱ्या, आतून नवा घालणाऱ्या. तपासणीतल्या त्रुटी त्यांना दाखवायच्या होत्या. सदोष दुरुस्त्या कर्नलमध्ये जाऊ दिल्या नाहीत, असं त्यांनी नंतर सांगितलं. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे ज्येष्ठ देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी विद्यापीठाकडून येणारं काम थांबवलं. शोधनिबंधही मागे घेण्यात आला.

त्यानंतर विद्यापीठाकडून आलेल्या ४३५ दुरुस्त्या पुन्हा तपासल्या गेल्या. बहुतेक बरोबर होत्या, पण ३९ चुकीच्या आणि दुरुस्तीची गरज असलेल्या निघाल्या. त्यामागे फसवणुकीचा हेतू आढळला नाही. तरीही आधीच्या तपासणीतून त्या सुटल्या होत्या. खरी काळजी इथेच आहे.

नीट तपासणी म्हणजे काय?

गळती बहुधा क्वचित चालणाऱ्या कोडमध्ये असते : एखादं काम अर्धवट फसलं की मगच तो चालतो. त्यामुळे नुसतं वाचून किंवा रोजच्या वापरातून चूक दिसत नाही. मुद्दाम बिघाड घडवून तो कोड चालवावा लागतो. सुटलेली मेमरी शोधायला ‘केमेमलीक’ आणि सोडलेल्या मेमरीचा चुकीचा वापर पकडायला ‘कासान’ ही साधनं कर्नलमध्येच आहेत. दुरुस्तीआधी गळती दिसली पाहिजे, नंतर ती थांबली पाहिजे आणि नवा दोष उगवता कामा नये. तिन्ही गोष्टी दाखवल्या तरच दुरुस्ती पक्की.

ही साधनं यंत्र मंद करतात, म्हणून विक्रीच्या मोबाईलमध्ये ती सहसा चालू नसतात. तपासणी त्याआधीच व्हायला हवी. कारण अपडेटमधून जशी चांगली दुरुस्ती मोबाईलपर्यंत येते, तशीच चुकीचीही येऊ शकते. म्हणून अपडेट टाळणं हा उपाय नाही. जुने, उघड झालेले दोष त्यातूनच बुजतात.