माहेर नाही, देवदर्शन नाही, नुसती सहल

"नेपाळला? तिकडे कुणाचं लग्न आहे का?" विंचूरच्या चौफुलीवर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या आमच्या गटातल्या एकीला तिच्या चुलत सासऱ्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही मामा, फिरायला." ते हसले. चेष्टा चालली आहे असंच त्यांना वाटलं.

बाईच्या प्रवासाला कारण लागतं. बाळंतपण, लग्न, मयत, दवाखाना. देवदर्शन म्हटलं तर वणीपर्यंत कुणी हरकत घेत नाही. मजुरीसाठी पहाटे पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभं राहून दूरच्या द्राक्षबागेत जायलाही कुणी परवानगीचं नाव काढत नाही. परवानगीचा प्रश्न उभा राहतो तो ती स्वतःच्या आनंदासाठी निघाली की.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीज झाल्यावर आम्ही नऊजणी लुंबिनी आणि पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन बघून आलो. परदेश म्हटलं की दुबई, सिंगापूरच डोळ्यापुढे येतं. लुंबिनी सुचली ती गटातल्या बौद्ध वस्तीतल्या मैत्रिणींना. येवला आमच्यापासून पाऊण तासाच्या आत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती तिथे. १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली आणि नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. माईसाहेब सोबत होत्या. "त्या वाटेचं एक टोक आपल्या दारात आहे, दुसरं बघू या," असं एकजण म्हणाली आणि ठरलं.

आता कामाचं सांगते. भारतीय नागरिकाला नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार कार्डावर विसंबू नका. नाशिकरोडहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, आरक्षण दोन महिने आधी खुलतं. गोरखपूरहून बसनं सुनौली, तिथून कमान ओलांडून चालतच नेपाळात. पलीकडे भैरहवा आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. तानसेनला बुटवलवरून घाट चढून जावं लागतं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात, म्हणून ते महिने टाळा. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, शंभराच्या नोटा जवळ ठेवा. पैसे एकीकडेच नकोत, तिघींकडे वाटून असावेत. महिना ५०० रुपये वेगळे टाकत दीड वर्षात आमचा खर्च निघाला.

सगळ्यात अवघड गेलं ते मोकळा आठवडा शोधणं. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, मग विरळणी, मग कांद्याची लागण, जानेवारीपासून द्राक्षाचा खुडा. बाईच्या वर्षात सुट्टी नसतेच, ती काढावी लागते आणि रोज बुडतो तो वेगळाच. आमच्यातल्या तिघी रोजंदारीवर जातात. त्यांच्या बुडालेल्या मजुरीतला अर्धा वाटा बाकीच्यांनी उचलला. त्याला उपकार म्हणायचं नाही, तोही सहलीचाच खर्च, असं आधीच ठरवून घेतलं होतं. हे तुमच्याही गटात बोलून घ्या.

लुंबिनीत मायादेवीच्या मंदिराशी उभं राहिल्यावर एक गोष्ट नव्यानं जाणवली. परंपरा सांगते की मायादेवी बाळंतपणासाठी माहेरी, देवदहला निघाली होती आणि वाटेतच प्रसूत झाली. राणी असली तरी प्रवासाचं कारण तेच! जवळच गौतमीच्या नावाचा भिक्षुणींचा विहार आहे. पहिल्या भिक्षुणीनं घर सोडलं ते मात्र स्वतःसाठी. तानसेनला बायका हातमागावर ढाक्याचं कापड विणताना बघितल्या. येवल्याच्या मागावर बसलेल्या आमच्या मैत्रिणीनं भाषा न येताही त्यांच्याशी तासभर गप्पा मारल्या.

परतताना सीमेवर ऐकलेला एक शब्द मात्र मनातून जात नाही. 'माइती' म्हणजे नेपाळीत माहेर. १९९३ साली अनुराधा कोइरालांनी सुरू केलेल्या संस्थेचं नाव 'माइती नेपाळ'. तिच्या कार्यकर्त्या सीमेवर मुलींची विचारपूस करतात, कारण याच उघड्या वाटेनं नोकरीचं आमिष दाखवून मुली भारतात विकायला आणल्या जातात. ज्या कमानीतून आम्ही हसत गेलो, तिथूनच त्या येतात. म्हणून आपल्याकडेही सांगायला हवं: फिरायच्या व्हिसावर आखातात घरकामाला पाठवतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. दलाल सरकारकडे नोंदलेला आहे का, ते आधी तपासा.

चळवळीतल्याच काहींनी विचारलं, पाण्याचे, मारहाणीचे, मजुरीचे प्रश्न पडलेले असताना ही चैन कशाला? एमएसडब्ल्यू करताना गरजांची उतरंड मीही पाठ केली होती. त्यात पोटापाण्याच्या गरजा आधी, बाकी सगळं नंतर. आज मला ते पटत नाही. जी बाई आठ दिवस घर सोडून राहू शकत नाही, ती मार खाऊनही घर सोडू शकत नाही. वाटा, गाड्या, पैशांचा हिशेब, अनोळखी गावात रात्री मुक्काम हे जिला जमलं, तिचा दारापलीकडचा धाक कमी होतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या तेव्हाही लोकांनी कारणच विचारलं होतं. मनेका गांधींच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं परदेशप्रवासाचं स्वातंत्र्य घटनेच्या २१व्या कलमात धरलं. हक्क कागदावर आहे, पण कागद कुणाच्या कपाटात?

हे विचारायला कारण आहे. आम्ही नऊजणी गेलो, पण पैसे भरले होते दहाजणींनी. दहावीचं मतदार ओळखपत्र नवऱ्याच्या कपाटात होतं आणि किल्ली त्याच्या खिशात. त्यानं ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. नुसती किल्ली दिली नाही. आदल्या रात्री ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, माझे पैसे परत नका देऊ. पुढच्या वेळेला लावा."

मैत्रिणींनो, सहलीची तयारी तिकिटापासून करू नका, तिथूनच करा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, तुझं ओळखपत्र कुठे आहे? पासपोर्ट काढायचा तर २०१६च्या नियमांनुसार लग्नाचा दाखला लागत नाही आणि घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असंही नाही. हे घराघरांत पोचवा. आणि कागद हाती आला की तो आपल्याच पेटीत ठेवा.

आमच्या दहावीनं आता दुसरं ओळखपत्र काढलं आहे. ते सध्या तिच्या आईकडे आहे. पुढच्या खेपेला माहेराहूनच गाडीत बसणार, म्हणते.