मोटारीला माफी, एस.टी.ला कर

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात जे घडले, त्यातून राज्याच्या करनीतीचा कल कोणीकडे आहे हे उघड झाले. अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विजेवरील मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचविला होता. महिना सरण्यापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतल्याचे जाहीर केले. कारण काय, तर त्यातून फारसे उत्पन्न येणार नाही आणि सरकारच्या धोरणाविषयी चुकीचा संदेश जाईल! त्याच अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर सुचविलेला होता. टेंपो चालवून पोट भरणाऱ्याला त्यातून कोणता संदेश मिळतो, याची चिंता कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

माफ झालेली रक्कम किती, हे पाहण्यासारखे आहे. ३० लाखांच्या पेट्रोल मोटारीवर राज्यात १३ टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजार रुपये कर पडतो. तेवढ्याच किमतीच्या विजेच्या मोटारीवर एक पैसाही नाही. सुचविलेला कर १ लाख ८० हजारांच्या आसपास, पेट्रोल मोटारीच्या करापेक्षा निम्म्याहूनही कमी होता. तेवढाही भार ज्यांना पेलवणार नाही, त्यांना ३० लाखांची मोटार पेलवते कशी?

केंद्राचा न्यायही याच जातीचा. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि त्याला किमतीची मर्यादा नाही. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर साठ उतारूंना वाहून नेणाऱ्या डिझेलच्या बसवर १८ टक्के कर आहे, तर एक कोटीच्या विजेच्या मोटारीवर ५ टक्के. पर्यावरणाच्या नावाने चाललेला हा व्यवहार पर्यावरणाचाही नीट विचार करीत नाही. एक भरलेली बस रस्त्यावरील कित्येक मोटारींची गरजच नाहीशी करते, हे सांगण्यास तज्ज्ञांची समिती नेमावी लागत नाही.

आणि ही बस वापरणाऱ्याची स्थिती काय? १९५८ च्या कायद्यान्वये उतारूंवर बसविलेला प्रवासी कर एस.टी.च्या भाड्यावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के दराने आकारला जात आहे. म्हणजे बाजाराला निघालेली भाजीवाली, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारा म्हातारा, महाविद्यालयात जाणारा शेतमजुराचा मुलगा हे राज्याचे करदाते, आणि वातानुकूलित मोटारीचा मालक मात्र करमुक्त. एस.टी.मध्ये महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, हे मान्य. ती चांगली पावले आहेत. पण जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढविले, तेव्हा ‘चुकीच्या संदेशा’ची भीती आडवी आली नाही. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला, डिझेलवरची एस.टी. टोल मोजूनच पुढे जाते. ही माफी विजेच्या बसनाही आहे खरी, पण एस.टी.च्या ताफ्यात अशा गाड्या थोड्याच आहेत. ज्या आल्या त्याही बहुतांशी कंत्राटदाराच्या: गाडी त्याची, चालक त्याचा, आणि महामंडळाने किलोमीटरमागे पैसे मोजायचे.

विजेची वाहने नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते, आणि शहरांतील धूर सर्वाआधी रस्त्यावर राबणाऱ्याच्या छातीत जातो. प्रश्न आहे तो सवलत कोणाच्या पदरात टाकायची, हा.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉललाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. २० टक्के मिश्रणाचे २०३० चे उद्दिष्ट सरकारने २०२५ मध्येच गाठले. ऊस उत्पादकाचे पैसे त्यामुळे लवकर सुटत असतील, तर त्याचे स्वागतच आहे. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नमूद केले. मराठवाड्यात जेथे उन्हाळ्यात गावे टँकरची वाट पाहतात, तेथे या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मिश्रणाने गाडी कमी अंतर धावते, म्हणून असे इंधन स्वस्त विकावे, अशी शिफारसही त्याच अहवालात होती. उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठणाऱ्या सरकारला ही शिफारस मात्र पंपापर्यंत पोहोचविता आली नाही. दुचाकीवर कामाला जाणारा कामगार ती तूट आपल्या खिशातून भरतो.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी कार्यकर्त्यांनी हा विषय तालुक्यातालुक्यांतील आगारांवर न्यावा, एस.टी. कामगार आणि उतारू यांच्या एकत्र सभा घ्याव्यात. मागण्या आडवळणाच्या नाहीत. ३० लाखांवरील विजेच्या मोटारींची करमाफी रद्द करावी. रिक्षा, दुचाकी आणि छोट्या मालवाहू विद्युत गाड्यांची सवलत कायम ठेवावी. एस.टी.वरील प्रवासी कर उठवावा. आणि महामंडळाला स्वतःच्या मालकीच्या, स्वतःच्या कामगारांनी चालविलेल्या विजेच्या बस घेण्यासाठी राज्याने थेट भांडवल द्यावे.