आधी कान, मग नाव

सदर : शाळेबाहेर

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. नेमक्या त्याच दिवसांत बोईसरच्या कुठल्याही शाळेच्या खिडकीतून पिंपळाची तांबूस पालवी दिसत असते. एखाद्या पोराने तिकडे मान वळवली, की ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून त्याला दटावले जाते. माझे मत विचाराल तर त्याचे लक्ष अगदी जागेवर होते.

आपल्या पट्ट्यात वसंत पंचांगासाठी थांबत नाही. फेब्रुवारीतच काटेसावर पाने टाकून लाल फुलांनी भरते आणि तिचे जाडजूड फूल पडताना ‘थप्’ असा आवाज होतो. मग पळस, पांगारा. मार्चमध्ये कुसुंबाची कोवळी पाने इतकी लाल होतात, की लांबून फुलेच वाटावीत. मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात, त्यामुळे ती वेचायची तर उजाडायच्या आत उठावे लागते. किनाऱ्यावरचा वसंत आणखी निराळा. हिवाळ्यात आलेल्या कुरव पक्ष्यांपैकी काहींची पांढरी डोकी जानेवारीनंतर हळूहळू गडद तपकिरी होऊ लागतात. ही त्यांची उत्तरेला परतायची तयारी. केळवे-चिंचणीच्या वाळूवर आपण भेळ खात असतो, तेव्हा हे पाहुणे निघायच्या बेतात असतात.

मुलांना हे दाखवायचे म्हटले की आपल्यातला मास्तर जागा होतो. ‘तो बघ तांबट, हिरवा, कपाळ लाल.’ झाले! नाव मिळाले की मूल बघायचे थांबते. त्याऐवजी डोळे मिटून दोन मिनिटे उभे करा आणि ‘टुक् टुक् टुक्’ कुठून येतोय तिकडे बोट दाखवायला सांगा. दहा मुले दहा दिशांना बोटे करतील, कारण तांबट आवाज काढताना डोके इकडेतिकडे वळवतो आणि आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. चोच मिटलेलीच असते, नुसता गळा फुगतो. हे मुलांनी स्वतः पकडले पाहिजे. कोकिळेचेही तसेच. ‘कुहू’ करणारा काळा पक्षी नर असतो. ठिपक्यांची मादी ‘किक्-किक्-किक्’ असा कर्कश गलका करते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. त्यामुळे कोकीळ ओरडू लागला की कावळे काड्या कुठे नेतायत, हे बघणारे मूल अर्धे निसर्गशास्त्र आपणहून शिकते.

हे मी शोधलेले नाही. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ही वाट फार आधी पडली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ बरोबर होत्याच. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. आज आपण ‘निसर्ग सहल’ म्हणून बस ठरवतो, पाण्याच्या बाटल्या मोजतो आणि पोरांना रिसॉर्टवर नेऊन आणतो. त्यापेक्षा शाळेच्या फाटकाजवळचे एकच झाड प्रत्येक वर्गाने दत्तक घ्यावे आणि दर सोमवारी पालवी, कळी, फूल, फळ यांची नोंद वहीत करावी. देशभरातली मुले ‘सीझनवॉच’ उपक्रमात हेच करतात.

बोईसरच्या वर्गात एकीकडे कारखान्यातल्या नोकरीसाठी राज्याराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले असतात, तर दुसरीकडे पाड्यावरून येणारी वारली मुले आणि किनाऱ्यावरची मांगेला मुले. मोह कधी गळतो, कुठल्या वाऱ्याला होडी काढत नाहीत, हे घरातून ऐकून आलेली मुले वर्गात मागच्या बाकावर गप्प असतात. झाडाच्या तासाला त्यांना पुढे बसवा. भीडही जाते आणि बाईंनाही चार गोष्टी कळतात.

‘एमआयडीसीच्या धुरात कसला वसंत?’ असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात बोईसरचे हेच तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. मला तर वाटते, म्हणूनच मुलांनी वासही नोंदवावा. आंब्याचा मोहोर कुठल्या दिवशी जाणवला आणि कुठल्या दिवशी दुसऱ्याच उग्र वासाने तो झाकला, हेही निरीक्षणच आहे. सुंदर तेवढेच वहीत उतरवायला लावले, तर ती वही शुभेच्छापत्र होईल.

पालकांची खरी अडचण उन्हाची. सकाळची शाळा सुरू झाली की पहिला तास बाहेर घ्या. पाखरेही त्याच वेळी बोलकी असतात. पावशा पक्षी मात्र शाळेला सापडायचा नाही. तो रंगात येतो तेव्हा सुट्टी लागलेली असते. तो घरच्यांनी ऐकवायचा. गावी जाणाऱ्या पोरांना तो आपसूक भेटेल, बोईसर शहरात चित्रालयाजवळ राहणाऱ्यांना मात्र एखाद्या पहाटे रिक्षा करून बाहेर पडावे लागेल.