हजेरी घरच्या वहीतही मांडा

शिरूरकडची मुलं रांजणगावच्या एमआयडीसीत जातात, दौंडकडची कुरकुंभला. पुष्कळांची भरती ठेकेदारामार्फत. 12 तास राबून 8 तासांचा पगार मिळाला आणि विचारलं, तर उत्तर येतं, ‘तू आमचा कामगार नाहीस.’

एवढ्यावर गप्प बसू नका. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर, हा नियम 1948 पासून आहे. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठरवलं. आताच्या नव्या कायद्यांतही दोन्ही गोष्टी आहेत.

मात्र पुरावा हवा. डेअरीला घातलेलं दूध आपण वहीत मांडतो ना? तशीच मुलाच्या जाण्या-येण्याची वेळ रोज तारखेनिशी मांडा. कामगार खात्याकडे तक्रार करताना तीच वही कामी येईल.