मैदानाच्या कडेने : सदतीस सेकंदांचा मानकरी

आमच्याकडे खेळाडू म्हटला की तो एका खेळाचा. पैलवान असेल तर त्याने आखाडा सोडू नये, क्रिकेटवाला असेल तर त्याने पाण्यात उतरू नये, असा आपला दंडक! मुरलीकांत पेटकर या गृहस्थांनी तो साफ मोडला. कुस्ती, मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, भालाफेक, पोहणे... यादी ऐकून वाचकांना वाटेल, मनुष्य मोठा चंचल असावा. चंचल मुळीच नव्हे. निम्मे खेळ त्यांनी हौसेने धरले. उरलेले दैवाने धरायला लावले.

जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरच्या मुलखातला. तिकडे पोराला अक्षरे गिरवण्याआधी लंगोट कसता येतो, असे म्हटले तर कुणी भांडायला येणार नाही. शेजारच्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा मुरलीकांत आठव्या वर्षात होते. अशा हवेत वाढलेल्या पोराने कुस्ती खेळावी यात नवल ते काय? पुढे ते लष्करात शिरले, तोफा-गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या ई.एम.ई. विभागात. तिथे हाती मुष्टियुद्धाचे मोजे आले आणि रिंगणात त्यांचे नाव होऊ लागले.

आणि १९६५ चे युद्ध आले. एक नव्हे, अनेक गोळ्या लागल्या. एक मणक्यापाशी रुतली ती रुतलीच. पायांतली शक्ती गेली. मुष्टियोद्ध्याचा अर्धा खेळ पायांत असतो, हे रिंगणाच्या कडेला बसणाऱ्यांना सांगायला नको. वय अवघे वीस.

मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालले असता व्यायाम म्हणून पोहायला सांगण्यात आले. ऐकायला सोपे वाटते. पण पाय निकामी असले म्हणजे ते पाण्यात खाली ओढतात, अंग आडवे राहत नाही, आणि पुढे सरकण्याचे सगळे ओझे खांद्यांवर येते. चांगला पोहणारासुद्धा पाय बांधून पोहू लागला तर चार हात मारून धापा टाकील. पेटकरांचे खांदे आखाड्यात आणि रिंगणात तयार झालेले होते, ती मेहनत इथे कामी आली असे आमचे मत. बाकी सारे नव्याने शिकायचे होते. रोज, पुन्हा पुन्हा.

अपंगांच्या खेळांचा इतिहासही असाच रुग्णालयातून निघालेला आहे. इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. गुटमन यांनी १९४८ साली मणक्याला इजा झालेल्या सोळा जणांची तिरंदाजी भरवली. त्यातूनच १९६० साली रोमची जागतिक स्पर्धा उभी राहिली. १९६८ साली तेल अवीवला पेटकर गेले ते टेबल टेनिससाठी, आणि एक फेरी जिंकून आले. चाकाच्या खुर्चीत बसून टेबलाच्या दोन्ही कडा सांभाळायच्या म्हणजे काय, ते करून पाहावे! परदेशवारीला पैसे लागतात. तिथे आपले विजय मर्चंट मदतीला धावले. क्रिकेटवाल्यांना उगीच नावे ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मग १९७२, जर्मनीतील हायडेलबर्ग. म्युनिक ऑलिंपिकच्या आधी काही दिवस, ऑगस्ट महिन्यात. पन्नास मीटर मुक्त शैली : वेळ ३७.३३ सेकंद. जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक! भारताचे वैयक्तिक सुवर्ण असे प्रथमच आले. त्याच स्पर्धेत भालाफेक, जमिनीवर आखलेल्या लक्ष्यावर अचूक भाला टाकणे, आणि अडथळ्यांतून चाकाची खुर्ची हाकणे, या तिन्हींत ते अंतिम फेरीत होते. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला म्युनिकला मार्क स्पिट्झने शंभर मीटर ५१.२२ सेकंदांत पोहून जग डोक्यावर घेतले. स्पिट्झ मोठाच, पण त्याला दोन पाय होते, एवढे लिहिल्यावाचून आमची लेखणी पुढे सरकत नाही.

अभिनव बिंद्राचे सुवर्ण आले २००८ साली. तेव्हा 'भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण' म्हणून गाजावाजा झाला. ऑलिंपिकपुरते ते खरेच. परंतु छत्तीस वर्षांपूर्वीचे हायडेलबर्ग किती जणांच्या ओठांवर होते? पेटकर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करीत होते. अपंगांच्या ऑलिंपिकमधले भारताचे दुसरे सुवर्ण २००४ साली आले, देवेंद्र झाझरियाच्या भाल्याने. बत्तीस वर्षे मध्ये रिकामी.

पद्मश्री मिळाली २०१८ साली. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे घराघरांत पोरे विचारू लागली, हे पेटकर कोण? अर्जुन पुरस्कार १९६१ सालीच सुरू झालेला. तो त्यांच्या हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये. तोवर वयाची ऐंशी पुरी झाली होती.