'ळ' कुठे बसतो?

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे उदाहरण भेटतंच : दिलेली अक्षरं वर्णमालेत लागोपाठ येतात का, ते तपासा. इंग्रजीत हा दोन ओळींचा खेळ. संगणकाला प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. छोटी ए ९७, बी ९८, सी ९९. पुढचा आकडा एकाने मोठा असला की उत्तर 'हो'.

चांदूर रेल्वेच्या माझ्या भाचीने हाच प्रोग्राम मराठीवर चालवला. 'क, ख, ग' झकास पास! युनिकोडमध्ये त्यांचे आकडे २३२५, २३२६, २३२७. पण 'र, ल' नापास. र २३५२, ल २३५४, आणि मधल्या २३५३ वर कोण? तर 'वऱ्हाड' लिहिताना लागणारा आपलाच ऱ! पुढे 'ल, ळ' पास आणि शाळेत घोकलेलं 'ह, ळ' नापास. क्ष, ज्ञ तर प्रत्येकी तीन आकड्यांचे.

"मामा, चूक माही का वर्णमालेची?" तिने फोनवर विचारलं.

माझ्या मते दोघांचीही नाही. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतली. त्यात अनेक भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवल्या होत्या, म्हणून ळ तिथे ल च्या शेजारी राहतो. हा आकडा म्हणजे घर नंबर, हजेरीचा नंबर नव्हे. इंग्रजीलाही हे चुकलं नाही. आयबीएमच्या एबसिडिक पद्धतीत आय २०१ आणि जे थेट २०९!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? नुसत्या आकड्यांवर यादी लावली की 'काळे' 'कावरे'च्या आधी येतात, आपल्या क्रमाने ते नंतर हवेत. छापील यादीत नाव शोधणारं म्हातारं माणूस नेहमीच्या जागी बघतं, आणि 'नाव नाही' म्हणून परत जातं.

उपाय सोपा आहे. अ पासून ज्ञ पर्यंतची वर्णमाला आपणच क्रमाने लिहून द्यायची, क्ष आणि ज्ञ एकेक अक्षर धरायचं, आणि आकडा न बघता त्या यादीतली जागा बघायची. नावांच्या याद्यांसाठी तर युनिकोडच्याच सीएलडीआरमध्ये मराठीचे नियम तयार आहेत : ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. फक्त ते वापरायला हवेत.

आपण वऱ्हाडी लोक बोलताना 'डोळ्या'चा 'डोया' करतो, त्याने कोणाचं अडत नाही. यादीतला ळ हलला, की मात्र अडतं.